छत ज्याचे, सूर्य त्याचाच?

मे महिन्यात राजुऱ्याला जायचे असेल, तर सकाळी दहाच्या आत मुक्कामी पोहोचावे, असा या भागातील जाणत्यांचा सल्ला असतो. तो मोडण्याचे धाडस प्रस्तुत लेखकाने एकदा केले आणि वर्धा नदीचा पूल ओलांडता ओलांडता त्याची किंमत मोजली. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला, रस्ते ओस पडलेले, झाडांच्या पानांवर कोळशाच्या धुळीचा थर आणि घराघरांतून येणारी कूलरची घरघर. विदर्भाबाहेरच्या वाचकाला कूलर ही चैनीची वस्तू वाटेल. चंद्रपूर जिल्ह्यात ती धान्याच्या कणगीइतकीच आवश्यक आहे.

ज्यांच्याकडे उतरलो होतो, ते निवृत्त शिक्षक. टापटीप घर, पक्के छत आणि छतावर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा. ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजने’तून त्यांना ७८,००० रुपयांचे अनुदान मिळाले होते. उरलेली रक्कम त्यांनी बचतीतून भरली. पूर्वी उन्हाळ्यात बिल हाती आले की घरात शांतता पसरत असे. आता ते बिल कौतुकाने पाहुण्यांना दाखविले जाते. सरकारी योजनेचा लाभ विनासायास मिळाला, याचा त्यांना अभिमान होता आणि तो रास्तही होता.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून एका वृद्ध विधवेचे घर आहे. दोन खोल्या, वर टिनाचे छत. मुलगा खाणीवर कंत्राटी कामाला. रात्रपाळी करून आलेला तो मुलगा भर दुपारी त्या तापलेल्या टिनाखाली झोपण्याचा प्रयत्न करीत होता. गुरुजींच्या छताकडे बोट दाखवून आजी म्हणाल्या, “ऊन त आमच्या टिनावरच जास्त पडते जी. मंग सूर्यघर मास्तरच्याच घरी कसं?”

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर मात्र साधे नाही. आजींच्या घरचे वीजमीटर नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या पतीच्या नावावर आहे. घराची जागा सासऱ्याच्या नावावर आहे आणि त्यांचे वारस तीन गावांत विखुरलेले आहेत. कागदांचे एक बाड घेऊन मुलाने दोनदा फेऱ्या घातल्या, दोन दिवसांची मजुरी बुडवली आणि तिसऱ्यांदा जाण्याचा विचार सोडून दिला. या कुटुंबाला कोणी ‘नाही’ म्हटले नाही. पण कोणी ‘हो’ म्हणावे, अशी व्यवस्थाही नव्हती.

योजना चांगली, म्हणूनच प्रश्न महत्त्वाचा

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सूर्यघर योजना ही आपल्या देशातील अलीकडच्या काळातील एक दूरदृष्टीची योजना आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. एक कोटी घरांवर सौर यंत्रणा बसविण्याचे तिचे लक्ष्य असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, असे कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. स्वदेशी बनावटीचीच पॅनेल वापरण्याची अट आहे, त्यामुळे जनतेचा पैसा देशातील कारखानदारीला बळ देतो. दलालाच्या हाती रोकड पडत नाही, हेही मोठेच वैशिष्ट्य.

एका किलोवॅटच्या यंत्रणेतून दिवसाला साधारण चार युनिटे, म्हणजे महिन्याला सुमारे १०० ते १२० युनिटे वीज मिळते. तिला जागा लागते सुमारे शंभर चौरस फूट. चार माणसांच्या साध्या कुटुंबाची गरज यात बऱ्याच अंशी भागते. ज्याचे मासिक उत्पन्न दहा-बारा हजार आहे, त्याच्यासाठी वीजबिलातून वाचलेले हजार रुपये म्हणजे मुलीची शिकवणी किंवा आईचे औषध. पंचवीस वर्षे चालणारी यंत्रणा एकदा बसली की हे बळ एका पिढीला पुरते. म्हणून ही योजना कोणाच्या छतावर पोहोचते आणि कोणाच्या छतावर पोहोचत नाही, हा प्रश्न तांत्रिक नाही, सामाजिक आहे.

पात्रतेची चाळण

योजनेच्या अटी वाचताना त्यांत काहीच वावगे वाटत नाही. अर्जदार भारतीय नागरिक असावा, त्याचे स्वतःचे घर व पॅनेल बसविण्याजोगे छत असावे, अधिकृत घरगुती वीजजोडणी असावी आणि त्याने सौर पॅनेलसाठी यापूर्वी दुसरे अनुदान घेतलेले नसावे. अशा चारच गोष्टी. पुण्या-नाशिकच्या मध्यमवर्गीय वसाहतीत या अटी अर्ध्या तासात पूर्ण होतात. राजुऱ्याच्या परिसरात त्या चाळणीतून कोण कोण गळते, ते पाहण्यासारखे आहे.

पहिला गट आजींसारख्यांचा. मीटर मृताच्या नावावर, घर एकत्र कुटुंबाच्या नावावर. राजुऱ्याला याचा एक ऐतिहासिक पदरही आहे. हा तालुका निजामाच्या राजवटीत आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. अकरा वर्षांत तीन राजवटींची दप्तरे पाहिलेल्या या मुलखात जुना कागद हाती लागला, तर तो उर्दूत असतो, नातवाला तो वाचता येत नाही. जमीन तीच, घर तेच, राहणारी माणसेही तीच. फक्त त्यांना जोडणारा कागद मध्येच कुठे तरी तुटलेला.

दुसरा गट भाडेकरूंचा. कोळसा खाणी आणि शेजारच्या कोरपना तालुक्यातील सिमेंट कारखाने यांच्यावर अवलंबून असलेला मोठा कामगारवर्ग भाड्याच्या खोल्यांत राहतो. बिल तो भरतो, उकाडा तो सोसतो. छत मात्र मालकाचे. मालकाला पदरचे पैसे घालून भाडेकरूचे बिल कमी करण्यात स्वारस्य असण्याचे कारण नाही.

तिसरा गट माणिकगडच्या पहाडावरचा. पूर्वी राजुरा तालुक्याचाच भाग असलेल्या जिवती परिसरात अनेक कुटुंबे कित्येक दशके जमीन कसत आहेत, परंतु ती जमीन वनविभागाची की महसूल खात्याची, या वादात त्यांचे पट्टे अडकलेले आहेत. कोलाम बांधवांच्या गुड्यांमध्ये तर मातीच्या भिंती आणि कौलारू वा गवती छपरे. पॅनेलचा भार ती पेलू शकत नाहीत. अतिमागास आदिवासी समाजांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानात कोलामांचा समावेश आहे आणि त्यातून पक्की घरे व वीज नसलेल्या घरांना सौर दिवे देण्याची तरतूद आहे, हे स्वागतार्ह. पण घर बांधणारे खाते वेगळे, सूर्यघराचे खाते वेगळे. नवे घर उभे राहतानाच त्याच्या छतावर पॅनेलही बसावे, हा विचार दोन खात्यांनी एकत्र बसून करायला हवा.

चौथा गट सर्वांत दुर्दैवी. खाणीच्या विस्तारात ज्यांची गावे जाणार असे वर्षानुवर्षे बोलले जाते, त्यांचा. ज्या घराचे पुढे काय होणार ते ठाऊक नाही, त्यावर पंचवीस वर्षांची यंत्रणा कोण बसवील? देशाला कोळसा देण्यासाठी जो आपले गाव सोडण्याच्या तयारीत बसला आहे, त्याच्यासाठी सूर्याचे दारही बंद.

चंद्रपूरचा मे आणि शंभर युनिटे

केंद्राच्या अनुदानानंतरही एका किलोवॅटसाठी वीस-बावीस हजार रुपये ग्राहकाला भरावे लागतात आणि गरिबाला ते जमत नाहीत, ही अडचण राज्य शासनाने ओळखली. २०२५ मध्ये ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप’ म्हणजेच ‘स्मार्ट’ सौर योजना जाहीर झाली. पाच लाख घरगुती ग्राहकांसाठी असलेल्या या योजनेत केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्य आपली भर घालते. एका किलोवॅटचा खर्च ५०,००० रुपये धरून दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला १५,००० रुपये आणि सर्वसाधारण गटातील अल्प वीजवापराच्या ग्राहकाला १०,००० रुपये मिळतात. म्हणजे दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने अवघे अडीच हजार रुपये भरायचे. शेवटच्या माणसाचा विचार याहून ठळकपणे कसा करायचा?

मात्र येथेही एक मेख आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नसलेल्या कुटुंबाची दुर्बलता वीजवापरावरून मोजली जाते. महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वापर असेल तरच तो ग्राहक दुर्बल. महाबळेश्वरला ही मोजपट्टी चालेल, सांगली-साताऱ्यालाही चालेल. पण राजुऱ्याच्या टिनाच्या घराला ती लावून पाहा. साधा कूलर २०० वॅटचा. तो दिवस-रात्र मिळून पंधरा तास चालला, तर रोजची तीन युनिटे झाली आणि महिन्याची नव्वद. त्यात दोन दिवे, एक पंखा आणि पाण्याच्या मोटारीची दहा मिनिटे मिळवा. शंभरी कधीच ओलांडली. जेथे मे महिन्याचे बिल हीच कसोटी ठरते, तेथे चंद्रपूरचा मजूर कोकणातल्या दुकानदारापेक्षा श्रीमंत दिसू लागतो. वास्तविक तो श्रीमंत नाही, फक्त अधिक उकडतो आहे.

शंभर युनिटांच्या पुढील विजेचा दर जवळपास दुप्पट होतो, हे लक्षात घेतले की विसंगती आणखी टोचते. उन्हाळ्याने त्याचे बिल वाढविले आणि वाढलेल्या बिलाने त्याची पात्रता हिरावली. एकाच उन्हाचा हा दुहेरी दंड आहे.

आणि हे कोणत्या जिल्ह्यात? ज्या जिल्ह्यातील महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, जेथील कोळशावर राज्याचे कारखाने आणि शहरांतील वातानुकूलन यंत्रे चालतात, त्या जिल्ह्यात. राख चंद्रपूरने गिळायची, धूळ राजुऱ्याने झाडायची आणि वीज राज्यभर जायची. याबद्दल येथील माणूस कुरकुर करीत नाही, राष्ट्रकार्य म्हणून तो हे सोसतो. पण सोसणाऱ्याची गणना किमान योग्य रकान्यात व्हावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

साहेबाच्या देशातही तेच

हा दोष केवळ आपल्याच प्रशासनाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. लेखकाचा एक भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहतो. तिकडची अडचण आपल्या नेमकी उलट, ती थंडीची. गॅसवर घर तापविण्याऐवजी ‘हीट पंप’ बसविण्यास तेथील सरकार उत्तेजन देते. आपला फ्रिज जसा आतली उष्णता बाहेर टाकतो, तसे हे यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता खेचून घरात आणते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या तेथील योजनेत ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंड व वेल्समधील घरमालकाला त्यासाठी ७,५०० पौंडांचे अनुदान मिळते. भाडेकरूला मात्र स्वतः अर्ज करता येत नाही. “मामा, थंडी मला वाजते, अनुदान मालकाला मिळते,” असे तो फोनवर हसत सांगत होता. राजुऱ्याच्या आजी आणि हा उच्चशिक्षित तरुण यांची भाषा वेगळी, ऋतू वेगळा, तक्रार तीच.

फरक आहे तो परिणामात. भाच्याला थंडी वाजली तर तो बिल भरून घर ऊबदार ठेवू शकतो. आजींच्या मुलाला दुपारची झोप मिळाली नाही, तर त्याच रात्री त्याला अवजड यंत्रांच्या शेजारी उभे राहायचे असते.

शिस्त हवीच, पण कोणाची सोय पाहून?

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे घेतला जाईल. जनतेचा पैसा वाटताना कागद नकोत का? मालकी न पाहता अनुदान दिले, तर एकाच छतावर तीन जण दावा सांगतील, यंत्रणा उचलून विकली जाईल, बोगस लाभार्थी उभे राहतील. आक्षेप पोकळ नाही. अनुदानाच्या नावाखाली या देशात काय काय झाले आहे, हे पत्रकार म्हणून तीस वर्षे पाहत आलो आहे. मालकीची अट काढून टाका, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

परंतु कागद हे सत्य शोधण्याचे साधन आहे. ते स्वतःच सत्य नव्हे. शोधायचे सत्य एवढेच की, हे कुटुंब या घरात खरोखर राहते काय आणि पुढेही राहणार आहे काय. दहा वर्षे नियमित भरलेली वीजबिले, ग्रामपंचायतीच्या कर आकारणीची नोंद आणि ग्रामसभेचा ठराव, ही तिन्ही साधने एकत्र आली, तर ते सत्य वारसांच्या संमतीपत्राहून अधिक भक्कमपणे सिद्ध होते. बिल घेताना जे घर त्या कुटुंबाचे असते, ते अनुदान देताना परके कसे होते?

याला पूर्वदाखलाही आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत स्थलांतरित कुटुंबे पत्त्याच्या पुराव्याअभावी वगळली जात होती. ऑगस्ट २०२१ मध्ये उज्ज्वलाचा दुसरा टप्पा आला, तेव्हा अशा कुटुंबांचे स्वयंघोषणापत्र पुरेसे मानण्यात आले. आभाळ कोसळले नाही. चुली मात्र विझल्या. जे सिलिंडरच्या बाबतीत जमले, ते योग्य त्या तपासणीसह सौर पॅनेलच्या बाबतीत का जमू नये?

दुसरा मार्ग सामायिक छताचा. ज्याला स्वतःचे योग्य छत नाही, त्याच्या वाट्याची पॅनेल अन्यत्र बसवून त्या विजेची वजावट त्याच्या बिलातून करता येते. या पद्धतीला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत वाव आहे. गावातील शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायत यांची छते दुपारभर रिकामी तापत असतात. त्यांच्यावर वीस घरांची वीज पिकू शकते. भाडेकरू, कच्च्या घरात राहणारा, विस्थापनाच्या छायेत असणारा, या सर्वांसाठी हाच व्यवहार्य उपाय आहे. गाव उठले तरी पॅनेल उचलून नव्या वसाहतीत नेता येतात.

तिसरी सुधारणा सर्वांत सोपी. वीजवापराची मर्यादा ठरविताना चंद्रपूर, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांसाठी एप्रिल ते जून हे महिने वगळावेत, किंवा वर्षाची सरासरी धरावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळी तरतूद लागत नाही. एक परिपत्रक पुरेसे आहे.

आपण काय करू शकतो?

शासनाला सूचना करून लेखणी खाली ठेवणे सोपे असते. पण समाजाचे काम शासनावर सोपवून मोकळे होणे ही आपली परंपरा नाही. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या छतावर पॅनेल बसली असतील, अनेकांचे अर्ज प्रक्रियेत असतील. त्यांनी क्षणभर शेजारच्या टिनाकडे पाहावे.

अर्ज भरताना अडते ते कोठे, हे एव्हाना आपल्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते. मीटरवरील आणि बँक खात्यावरील नाव जुळत नाही, तेथेच बहुतेक अर्ज थांबतात. मृताच्या नावावरील मीटर वारसाच्या नावे करून घेणे हे सुशिक्षित माणसाच्या दृष्टीने दोन दुपारचे काम आहे. रोजंदारीवरच्या माणसाच्या दृष्टीने दोन दिवसांची उपासमार. प्रत्येक वस्तीतील चार कार्यकर्त्यांनी आपल्या गल्लीची यादी करावी: मीटर कोणाच्या नावावर, छत कसले, महिन्याचा वापर किती, दाखला कोणता कमी. अशी यादी ग्रामसभेत ठेवली, तर तिला वजन येते. अन्यथा यादी पुरवठादार करतो आणि तो साहजिकच तीन किलोवॅटच्या पक्क्या छताकडे आधी जातो. एक किलोवॅटच्या टिनाकडे वळण्यास त्याला फुरसत नसते.

बसविणाऱ्यांनाही दोन गोष्टी आधीच सांगाव्यात, म्हणजे पुढे निराशा होत नाही. बॅटरी नसलेली यंत्रणा मुख्य वाहिनीतील वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडते. भारनियमनात ती कूलर चालविणार नाही. दुसरे म्हणजे कोळशाची आणि सिमेंटची धूळ. आठवड्यातून एकदा, भल्या पहाटे, पॅनेल थंड असताना ती पुसली नाहीत, तर या परिसरात उत्पादन घटते. त्या कामासाठी वस्तीतील दोन तरुणांना थोडे मानधन दिले, तर एक रोजगारही उभा राहतो.

योजनेची आखणी २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. एक कोटीचा आकडा गाठण्याची घाई सर्वच यंत्रणांना असणार. घाईत आकडा पूर्ण होतो तो सोप्या घरांनी; अवघड घरे शेवटी राहतात आणि मग राहूनच जातात. पंगतीत वाढपी दाराजवळच्यांनाच पुन्हा पुन्हा वाढू लागला, तर यजमानाने उठून त्याला शेवटच्या पानाकडे न्यावे लागते. येथे यजमान आपणच आहोत.

राजुऱ्याहून निघताना गुरुजींनी एक गोष्ट सांगितली, ती मनात राहिली. आजींच्या मीटरचे नाव बदलण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. वारसांच्या सह्यांसाठी ते दोन गावांना जाऊन आले, तिसरे बाकी आहे. “माझे अनुदान अर्ध्या तासात मंजूर झाले,” ते म्हणाले, “तेव्हा वाटले, आपण हुशार. आता कळते, आपल्या वडिलांनी कागद नीट ठेवले होते, एवढेच.”

सूर्य कोणाचा कागद तपासून उगवत नाही. त्याच्या नावाने चाललेल्या योजनेलाही हे साधावे. तोवर ज्यांचे कागद जागेवर आहेत, त्यांनी ज्यांचे नाहीत त्यांच्यासाठी दोन फेऱ्या अधिक माराव्यात. पुढच्या मे महिन्यापूर्वी एवढे नक्कीच होण्यासारखे आहे.